मेलिना मेर्कुरी: नटी, हद्दपार नागरिक, सांस्कृतिक मंत्री (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन ग्रीसहून नेलेल्या शिल्पांसमोर डोळ्यांत पाणी आणणारी ग्रीक नटी, एवढीच मेलिना मेर्कुरीची ओळख बहुतेकांना असते. तिच्या राजकारणाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. सांस्कृतिक खातं म्हणजे उद्घाटनं आणि पुरस्कारवाटप अशी आपली समजूत असते. तेच खातं एखाद्याने हट्टाने चालवलं तर काय होऊ शकतं आणि काय होत नाही, हे तिच्या कारकिर्दीत चांगलं दिसतं. ग्रीसमध्ये तिला लहानथोर सगळे नुसतं ‘मेलिना’ म्हणतात, म्हणून इथेही एकेरीच.

मेलिना मेर्कुरी नेमकी कोण?

जन्म १९२० साली अथेन्समध्ये. आधी रंगभूमीवरची नटी, मग सिनेमातली. १९६० साली आलेल्या ‘नेव्हर ऑन संडे’मध्ये तिने पिरेयस बंदरातल्या इलिया नावाच्या वेश्येची भूमिका केली. त्या भूमिकेसाठी कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान विभागून मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही. दिग्दर्शक होता ज्यूल्स डॅसिन. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने जी धरपकड चालली होती, तिच्यामुळे हॉलिवूडमधून बाहेर फेकला गेलेला माणूस. पुढे तो तिचा नवरा झाला.

१९८१ ते १९८९ आणि पुन्हा १९९३ पासून १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती ग्रीसची सांस्कृतिक मंत्री होती. त्या खात्याची ती पहिली महिला मंत्री.

घरात राजकारण होतं, की सिनेमातून थेट उडी?

घरात राजकारणाशिवाय दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. आजोबा स्पिरिडॉन मेर्कुरिस अनेक वर्षं अथेन्सचे महापौर. नातीवर त्यांचा विलक्षण जीव. वडील स्टामाटिस लष्करी अधिकारी, खासदार, मंत्री, आणि पुढे डाव्यांच्या बाजूला गेलेले. काका जॉर्जिओस मात्र १९३० च्या दशकात ग्रीसमधल्या राष्ट्रीय समाजवादी, म्हणजे नाझी वळणाच्या पक्षाचे नेते होते.

एकाच घरात डावे, उजवे आणि त्याही पलीकडचे. त्यामुळे ‘नटीला राजकारणातलं काय कळतं’ हा प्रश्न तिच्या बाबतीत फिजूल आहे. मतदारांच्या दारात कसं उभं राहायचं, हे तिने कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं याच्या आधी पाहिलं होतं.

लष्करी राजवटीने तिचं नागरिकत्व का काढून घेतलं?

२१ एप्रिल १९६७ रोजी काही कर्नलांनी ग्रीसमध्ये सत्ता बळकावली. त्याच्या दहाच दिवस आधी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर मेलिनाचं संगीत नाटक सुरू झालं होतं. इलियाचीच कथा, रंगमंचावर आणलेली. म्हणजे अख्खं न्यूयॉर्क तिच्याकडे पाहत होतं आणि तिच्या हातात माईक होता. तिने तो वापरला. ज्या मुलाखतीत नाटकाबद्दल बोलायचं तिथे ती अटकसत्राबद्दल बोलली, ग्रीसला पर्यटनासाठी जाऊ नका म्हणाली.

जुलैमध्ये राजवटीचे गृहमंत्री स्टिलियानोस पट्टाकोस यांनी तिचं नागरिकत्व रद्द केलं आणि मालमत्ता जप्त झाली. तिचं उत्तर जगभर छापून आलं: मी ग्रीक जन्मले आणि ग्रीक म्हणूनच मरेन, पट्टाकोस फॅसिस्ट जन्माला आले आणि फॅसिस्ट म्हणूनच मरतील. पुढची सात वर्षं ती युरोप-अमेरिकेत सभा घेत, गाणी म्हणत, निधी गोळा करत फिरली. तिच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने या वर्षांकडे केवळ त्यागाची वर्षं म्हणून पाहू नये. परक्या देशातल्या लोकांना आपल्या देशाच्या प्रश्नात कसं ओढायचं, याची ही तालीम होती. पुढे लंडनमध्ये ती कामी आली.

परत आल्यावर लगेच निवडून आली का?

नाही. जुलै १९७४ मध्ये सायप्रसच्या घोळात लष्करी राजवट कोसळली आणि काही दिवसांतच मेलिना अथेन्सच्या विमानतळावर उतरली. सप्टेंबरमध्ये आंद्रेयास पापांद्रेऊ यांनी ‘पासोक’ हा समाजवादी पक्ष काढला, त्याच्या संस्थापक सदस्यांत ती होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पिरेयसच्या ‘ब’ मतदारसंघातून उभी राहिली आणि अगदी थोडक्या मतांनी हरली.

तिने मतदारसंघ बदलला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पिरेयस ‘ब’ म्हणजे निकेया, केरात्सिनी, द्रापेत्सोना, पेरामा: गोदी कामगारांच्या, कारखान्यांच्या वस्त्या. १९२२ साली आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, जीव घेऊन आलेल्या निर्वासितांची नातवंडं इथे राहत. प्रसिद्ध माणसाला सुरक्षित जागा देण्याची रीत तिकडेही आहेच. ही बाई त्याच वस्त्यांत तीन वर्षं फिरत राहिली आणि १९७७ साली निवडून आली. इलियाही पिरेयसचीच होती, त्यामुळे लोकांनी तिला आपली मानलं, असं गंमतीने म्हटलं जातं. गंमत बाजूला ठेवली तरी मतं मोजून मिळाली होती.

सांस्कृतिक खातं तिला शोभेसाठी दिलं होतं का?

देणाऱ्यांच्या मनात थोडंफार तसं असेलही. ऑक्टोबर १९८१ मध्ये पासोकने ३०० पैकी १७२ जागा जिंकल्या. ‘अलागी’, म्हणजे बदल, ही त्यांची घोषणा. अशा सरकारात एक जगप्रसिद्ध चेहरा असणं पंतप्रधानांच्या सोयीचंच होतं. आणि हे खातं कुठल्याही देशात अर्थखात्याच्या दारात शेवटच्या रांगेत उभं असतं. ग्रीसमध्ये तर त्याचा बराचसा जीव पुरातत्त्व विभागात अडकलेला: उत्खननं, डागडुजी, संग्रहालयांचे पहारेकरी.

मेलिनाने केलेली पहिली गोष्ट म्हणजे पैशाचा युक्तिवाद उलटा केला. ग्रीसकडे पोलादाचे मोठे कारखाने नाहीत, संस्कृती हाच आपला अवजड उद्योग आहे, असं ती म्हणायची. हे वाक्य आता ग्रीक राजकारणात इतकं झिजलंय की प्रत्येक पक्षाचा मंत्री ते वापरतो. त्या वेळी मात्र मंत्रिमंडळाच्या बैठकीत खर्चाचं खातं हे उत्पन्नाचं खातं आहे असं सांगणं नवीन होतं.

दुसरं म्हणजे ती त्या खुर्चीत टिकली. सलग जवळजवळ पावणेआठ वर्षं. पापांद्रेऊ मंत्रिमंडळात सतत फेरबदल करत. अर्थमंत्री बदलले, शिक्षणमंत्री बदलले, ही तिथेच. सांस्कृतिक धोरणातल्या कुठल्याही कामाला पाच-सात वर्षं लागतातच. वर्षा-दीड वर्षाने मंत्री बदलत राहिला तर फितीच कापून होतात.

पार्थेनॉनच्या शिल्पांचा वाद थोडक्यात काय आहे?

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचं पार्थेनॉन हे देवी अथीनाचं मंदिर, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. १६८७ साली व्हेनिसच्या तोफांनी तिथला ऑटोमन दारूगोळा उडाला आणि मंदिराचा मधला भाग उद्ध्वस्त झाला. १८०१ पासून पुढची काही वर्षं, ग्रीस ऑटोमन साम्राज्यात असताना, इस्तंबूलमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांपैकी मोठा भाग उतरवून, काही ठिकाणी कापून, इंग्लंडला नेला. परवानगी होती असं एल्गिन यांचं म्हणणं. त्या परवान्याचा मूळ कागद सापडत नाही, त्याचं इटालियन भाषांतर तेवढं आहे. १८१६ साली ब्रिटिश संसदेने ३५,००० पौंडांना हा संग्रह विकत घेतला आणि ब्रिटिश म्युझियमकडे सोपवला.

मंदिराला वेढणारी मूळची शिल्पपट्टी सुमारे १६० मीटर लांब होती. तिच्यातली साधारण ७५ मीटर लंडनमध्ये आहे. म्हणजे एकाच मिरवणुकीतले काही घोडेस्वार लंडनला आणि काही अथेन्सला.

मेलिनाने यासाठी नेमकं काय केलं? रडणं सोडून?

हा प्रश्न असाच, थोड्या कुत्सितपणे विचारला जातो, म्हणून सविस्तर.

ही मागणी तिने शोधून काढलेली नाही. ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हापासून ती या ना त्या स्वरूपात होतीच. तिने तिला सरकारी कागदावर आणि जगाच्या व्यासपीठावर आणलं. जुलै-ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिको सिटीत युनेस्कोची सांस्कृतिक धोरणांवरची जागतिक परिषद झाली. तिथे तिने विषय मांडला आणि शिल्पं परत जावीत अशी शिफारस बहुमताने मंजूर करून घेतली. नव्याने स्वतंत्र झालेल्या, आपल्याही वस्तू युरोपात अडकलेल्या देशांनी तिला साथ दिली. १९८३ साली ग्रीस सरकारने ब्रिटनकडे अधिकृत मागणीपत्र पाठवलं. पुढच्या वर्षी नकार आला, तेव्हा प्रकरण युनेस्कोच्या वस्तू-परतीसाठी नेमलेल्या आंतरसरकारी समितीपुढे नेलं. तिथे ते आजतागायत विषयपत्रिकेवर आहे.

याच्याच जोडीला ती थेट ब्रिटिश जनतेशी बोलायला गेली. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन शिल्पांसमोर उभी राहिली, कॅमेरे होतेच. संग्रहालयाचे संचालक डेव्हिड विल्सन यांच्याशी तिची जाहीर खडाजंगी झाली. या मागणीला विल्सन यांनी पुढे ‘सांस्कृतिक फॅसिझम’ म्हटलं. फॅसिस्टांनी जिचं नागरिकत्व काढून घेतलं होतं त्या बाईच्या मागणीला हा शब्द वापरणं, याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं.

जून १९८६ मध्ये ऑक्सफर्ड युनियनमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेत, शिल्पं परत द्यावीत या ठरावावर वादविवाद झाला. तिचं तिथलं भाषण आजही वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला ती आपल्या इंग्रजी उच्चारांवर स्वतःच विनोद करते, मग एल्गिन यांच्या माणसांनी काय काय कसं उतरवलं याचा इतिहास तारखांसकट सांगते, ब्रिटिशांचे आक्षेप एकेक करून घेते आणि सगळ्यात शेवटी भावनेला हात घालते. ही शिल्पं आमचा अभिमान आहेत, आमचं बलिदान आहेत, असं ती म्हणते. लोकांच्या लक्षात शेवट राहतो, पण आधीचा भाग वकिलाला शोभेल इतका नेटका आहे. त्या सत्रात युनियनचा अध्यक्ष होता बोरिस जॉन्सन नावाचा विद्यार्थी. तो तेव्हा शिल्पं परत द्यावीत या मताचा होता. पुढे पंतप्रधान झाल्यावर ‘हा संग्रहालयाच्या विश्वस्तांचा प्रश्न आहे’ असं सांगून त्याने हात वर केले.

ठराव मंजूर झाला. विद्यार्थ्यांच्या ठरावाने शिल्पं हलत नाहीत हे उघडच. तरी ब्रिटनमधलं जनमत हा एक वेगळा पक्षकार आहे हे तिने ओळखलं होतं. त्याच काळात मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनीही शिल्पं परत करण्याच्या बाजूने भूमिका घेतली.

मग तिला यश आलं का?

शिल्पांच्या बाबतीत नाही. ती अजून लंडनमध्येच आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या १९६३ च्या कायद्याने विश्वस्तांचे हात बांधलेत, मोजके अपवाद सोडता त्यांना संग्रहातली वस्तू देऊन टाकता येत नाही. सरकार म्हणतं विश्वस्तांकडे जा, विश्वस्त कायद्याकडे बोट दाखवतात. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

पण एक गोष्ट तिने बदलली. ब्रिटिशांचा आवडता मुद्दा होता की अथेन्सच्या धुरात शिल्पं झिजतील आणि ठेवायला तुमच्याकडे धड जागा तरी कुठे आहे. मेलिनाने यावर चिडण्यापेक्षा नवं संग्रहालय बांधायचं ठरवलं. १९८९ मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी संग्रहालयासाठी आंतरराष्ट्रीय स्थापत्य स्पर्धा जाहीर झाली. निकाल लागला, पण कोर्टकज्जे आणि जागेवर सापडलेले प्राचीन वस्तीचे अवशेष यांत ती योजना बारगळली. अखेर बर्नार्ड शुमी यांच्या आराखड्याचं संग्रहालय २० जून २००९ रोजी उघडलं. तोवर तिला जाऊन पंधरा वर्षं उलटून गेली होती. आणि डॅसिन, ज्याने तिच्या मागे तिच्या नावाची संस्था काढून हा पाठपुरावा चालू ठेवला, तो आदल्याच वर्षी गेला.

तेव्हापासून ‘जागा कुठे आहे’ हा मुद्दा संपला. जर्मनीतल्या हायडेलबर्गने आधीच दिलेल्या तुकड्यामागोमाग त्यानंतर इटलीतल्या पालेर्मोने एक तुकडा परत केला, २०२३ मध्ये व्हॅटिकनने तीन दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ग्रीक पंतप्रधान मित्सोताकिस यांची ठरलेली भेट याच विषयावरून ऐन वेळी रद्द केली. दोन देशांचे पंतप्रधान एखाद्या संग्रहालयातल्या दालनावरून भेट मोडतात, यात चाळीस वर्षांपूर्वीच्या एका मंत्र्याचा हात आहे.

‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ ही कल्पना तिचीच ना?

तिची, आणि फ्रान्सचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांची साथ. माझ्या मते तिचं खरं मोठं राजकीय काम हे आहे आणि ते सर्वांत कमी माहीत आहे.

पार्श्वभूमी अशी की ग्रीस १ जानेवारी १९८१ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, शिरला. पासोकचा तर या समुदायाला कडवा विरोध, त्यांच्या मोर्च्यांत त्याविरुद्ध घोषणा दिल्या जात. आणि या समुदायाच्या रोमच्या करारात संस्कृती हा विषयच नव्हता. गहू, लोणी, जकात. सांस्कृतिक मंत्र्यांनी एकत्र बसायची सोय नाही, कारण बसून करणार काय?

१९८३ च्या उत्तरार्धात समुदायाचं फिरतं अध्यक्षपद ग्रीसकडे आलं. मेलिनाने २८ नोव्हेंबरला सदस्य देशांच्या सांस्कृतिक मंत्र्यांना अथेन्सच्या झॅपियन सभागृहात अनौपचारिक बैठकीला बोलावलं. कराराचा आधार नसताना. तिथे तिने विचारलं की तंत्रज्ञान, व्यापार, अर्थकारण यांच्याबरोबरीने संस्कृतीचा आवाज या समुदायात का नसावा? मग दरवर्षी एका शहराला युरोपचं सांस्कृतिक शहर म्हणून मान द्यायचा, ही योजना पुढे आली. जून १९८५ मध्ये मंत्र्यांनी ठराव केला आणि पहिलं शहर अर्थातच अथेन्स. पुढे फ्लॉरेन्स, ॲमस्टरडॅम, पश्चिम बर्लिन, पॅरिस.

पहिली पाच शहरं पाहिली तर ‘ज्यांच्याकडे आहे त्यांनाच द्या’ असा प्रकार वाटतो. १९९० मध्ये मान ग्लासगोला गेला आणि योजनेचं स्वरूप पालटलं. जहाजबांधणी बुडालेलं, बेकारीने पोखरलेलं शहर या निमित्ताने उभं राहू लागलं. तेव्हापासून मोडकळीला आलेली औद्योगिक शहरं या मानासाठी धडपडतात. समुदायाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात संस्कृतीला स्वतंत्र कलम मिळालं. झॅपियनची बैठक नसती तर ते आलंच नसतं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण मंत्र्यांना एकत्र बसायची सवय तिथून लागली. आणि ही सवय लावली युरोपविरोधी पक्षाच्या मंत्रीणबाईंनी. राजकारणात असे विनोद होत असतात.

देशाच्या आत तिने काय केलं?

अथेन्सबाहेर रंगभूमी नेली. १९८३ पासून नगरपालिका आणि केंद्र यांनी मिळून चालवायची प्रादेशिक नाट्यगृहं सुरू झाली: कालामाता, लारिसा, अग्रिनिओ, योआनिना अशा गावांत. इथे लक्षात घ्यायचं ते असं की ही फक्त इमारत बांधून देण्याची योजना नव्हती. गावात कायमची नाटक कंपनी, तिचा कलादिग्दर्शक, पगारी नट, आणि खर्चाचा वाटा नगरपालिकेने उचलायचा. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेने महाराष्ट्रभर हौशी रंगभूमी जिवंत ठेवली हे खरंच, पण स्पर्धा झाली की संच पांगतो. सांगली-अकोल्याच्या नटाला पोटासाठी मुंबई-पुणं गाठावं लागू नये, अशी व्यवस्था आपल्याकडे कुणी उभी केलेली नाही. ग्रीसमध्येही पुढे यातली काही नाट्यगृहं थकबाकीत रुतली, काही महापौरांच्या मर्जीवर चालली. तरी नकाशावर ती आली ती याच काळात.

१९८६ साली चित्रपटांना सरकारी पाठबळ देणारा कायदा झाला. शाळांत कला शिकवण्याची तिची कल्पना तिच्या पश्चात ‘मेलिना’ याच नावाच्या कार्यक्रमातून काही वर्षं राबवली गेली. अथेन्समधली विखुरलेली प्राचीन स्थळं पायवाटेने जोडायची, मधली वाहनं हटवायची, हाही तिचा ध्यास. ते काम नव्वदीच्या उत्तरार्धात हाती घेतलं गेलं आणि २००४ च्या ऑलिम्पिकपर्यंत अ‍ॅक्रोपोलिसखालचा रस्ता चालणाऱ्यांचा झाला.

तिच्यावर टीका कोणती झाली?

पुष्कळ. तमाशा जास्त आणि कारभार कमी, हा नेहमीचा आक्षेप. दैनंदिन प्रशासनाचा तिला कंटाळा होता असं म्हणणारे होते आणि फायलींच्या बाबतीत ती सहकाऱ्यांवर विसंबे. शिल्पांच्या मोहिमेत इतकी शक्ती गेली की देशभरातली लहान संग्रहालयं आणि उत्खननं दुर्लक्षित राहिली, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. १९८५ च्या अथेन्सच्या सांस्कृतिक वर्षाबद्दलही तक्रार होती की मोठमोठे परदेशी कलावंत आले, गेले, शहरातल्या कलावंतांच्या हाती काय लागलं?

पक्षाशी तिची निष्ठा हाही मुद्दा निघतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पापांद्रेऊ सरकार कोस्कोटास बँक घोटाळ्यात पुरतं अडकलं. मेलिनाचं नाव त्यात नव्हतं, पण ती पापांद्रेऊंच्या पाठीशी उभी राहिली. जून १९८९ मध्ये पक्ष हरला, तिचं मंत्रिपद गेलं.

अथेन्सच्या महापौरपदाची निवडणूक ती का हरली?

१९९० ची ही लढत. आजोबांची खुर्ची, त्यामुळे भावनिक ओढ होतीच. समोर होते आंतोनिस त्रित्सिस, पूर्वी पासोकच्याच सरकारातले मंत्री, व्यवसायाने नगररचनाकार.  पापांद्रेऊंशी बिनसल्यावर ते बाहेर पडले होते आणि उजव्या पक्षाने त्यांना पाठिंबा दिला. पासोकची प्रतिमा तळाला गेलेली, आणि वाहतूक-धूर-कचरा यांनी गांजलेल्या अथेन्सकरांना नगररचनाकार जवळचा वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला असता. महापौराचं काम गटारांपासून सुरू होतं, आणि तिथे मेलिनाची ताकद उपयोगाची नव्हती.

शेवटची कारकीर्द किती काळ?

जेमतेम पाच महिने. ऑक्टोबर १९९३ मध्ये पासोक परत सत्तेवर आला, तिला पुन्हा तेच खातं मिळालं. आयुष्यभर सिगारेट ओढलेली बाई, फुप्फुसाचा कर्करोग आधीपासून होता. ६ मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात ती गेली. अथेन्समध्ये पंतप्रधानाला देतात तशा इतमामाने अंत्ययात्रा निघाली, रस्ते माणसांनी भरले होते. तिच्यानंतर खातं थानोस मिक्रुत्सिकोस या संगीतकाराकडे गेलं. कलावंताकडेच हे खातं द्यायचं, ही पद्धत काही पुढे कायम राहिली नाही.

भारतात कुणी अभिनेता सांस्कृतिक खात्यात मंत्री झालाय का?

हो, विनोद खन्ना. २००२ साली वाजपेयी सरकारात ते संस्कृती आणि पर्यटन खात्याचे राज्यमंत्री होते. सहा महिन्यांतच त्यांची बदली परराष्ट्र खात्यात झाली. एवढ्या काळात कुणी काय करणार? वर म्हटलं ते टिकण्याचं महत्त्व इथे दिसतं.

वाघनखांचं प्रकरण आणि हे प्रकरण सारखंच आहे का?

धागा एक आहे, वाट वेगळी. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्राचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार केला. जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीन वर्षांसाठी, उसनी. ती मूळची साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून तिकडे गेलेली. अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखं हीच, याचा पुरावा नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं, आणि यावरून आपल्याकडे झालेला वाद ताजा आहे.

त्या संग्रहालयावरही कायद्याची बंधनं आहेत, १९८३ च्या. म्हणून उसनं घेणं हा मार्ग. ग्रीसने नेमका हाच मार्ग नाकारला आहे: उसनं घ्यायचं तर समोरच्याची मालकी कबूल करावी लागते, आणि आपलीच वस्तू उसनी कशी घ्यायची, असा त्यांचा सवाल. परिणाम असा की आपल्याकडे लाखो लोकांना वाघनखं बघायला तरी मिळाली आणि ग्रीकांना शिल्पं नाहीत. पण मुदत संपल्यावर आपल्याकडे काय उरेल आणि त्यांच्याकडे मागणी शाबूत राहील, हेही खरं. तिसरा मार्ग २०२५ मध्ये दिसला: रघुजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये लिलावात निघाली आणि राज्य सरकारने ती सरळ विकत घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना. लिलावात निघालेल्या वस्तूला हा उपाय ठीक. ब्रिटिश म्युझियममधल्या, आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांना तो लागू पडत नाही.

अथेन्सला गेलो तर तिच्याशी संबंधित काय पाहावं?

सगळ्यात आधी अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाचा वरचा मजला. पार्थेनॉनच्याच दिशेला वळवून बांधलेलं काचेचं दालन आहे. शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावलेली: ग्रीसकडे असलेले दगड मधाळ रंगाचे, आणि लंडनला असलेल्यांच्या जागी पांढऱ्याफटक प्लास्टरच्या प्रतिकृती. वेगळा फलक लावायची गरजच ठेवलेली नाही. खिडकीतून समोर प्रत्यक्ष मंदिर दिसतं. शक्यतो संध्याकाळी जा, दुपारी तिथे ऊन फार येतं.

तिथून पायी दहा मिनिटांवर हेड्रियनच्या कमानीसमोर तिचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. थिसिओ भागात जुन्या टोप्यांच्या कारखान्यात महापालिकेचं ‘मेलिना’ सांस्कृतिक केंद्र आहे, आणि प्लाका या जुन्या वस्तीत तिच्या नावाच्या संस्थेचं कार्यालय. वेळ उरला तर पिरेयसला मेट्रोने जाऊन या, अर्धा तास पुरतो. बंदरावर आता बोटींची तिकिटं विकणाऱ्यांचीच गर्दी असते, तिचा मतदारसंघ बघायचा तर तिथून बस धरून निकेया किंवा केरात्सिनीकडे आत शिरावं लागतं.